कोकणकड्यावरची मगरिब

अनोळखी लोकांबरोबर डोंगरावर सूर्यास्त पाहायला जावे का, असे आमच्या भगिनी विचारतात. आम्ही तिघी शिक्षिका अशाच एका गटाबरोबर पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या: मुक्कामाला बायकांचा तंबू वेगळा आहे का, आणि नमाजसाठी थांबाल का? “थांबू की, ताई,” गटप्रमुख म्हणाला.

वुजूचे पाणी वेगळ्या बाटलीत नेले होते. कोकणकड्याच्या उंचीवरून सूर्य पायथ्याच्या गावापेक्षा काही मिनिटे उशिरा मावळतो. म्हणून मोबाइलमधली वेळ झाली तरी आम्ही थांबलो. (रोजेदारांनीही हे ध्यानात ठेवावे.) सूर्य बुडाला, किब्लाही जवळपास तिकडेच. वारा फार होता. गटातल्या एका काकांनी न सांगता मुसल्ल्याच्या कोपऱ्यांवर दगड आणून ठेवले.