होडीवरचे मासेशोधक यंत्र बदलताना

उजनीच्या पाण्यावर जाळे टाकणारे इंदापूर-दौंडकडचे मच्छीमार असोत, की हर्णै-श्रीवर्धनचे कोळी बांधव असोत, पाण्याच्या पोटात काय आहे हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पूर्वी दोरीला शिसे बांधून पाणी मोजत. आता काही होड्यांवर त्या कामाला एक लहानसे यंत्र असते. त्याला कोणी मासेशोधक म्हणतात, कोणी फिश फायंडर. हे यंत्र जुने झाले, बंद पडले, तर नवे कसे निवडावे आणि कसे बसवावे, ते आज पाहू. ह्यात पैसा बराच जातो, म्हणून सावकाश पाहू.

आधी यंत्राचे काम समजून घ्या. डोंगरासमोर हाक मारली की ती परत ऐकू येते ना? तसेच हे. होडीच्या तळाशी एक गोळा असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतो आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. समजा, आवाज जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. म्हणजे तो ३० मीटर धावला. अर्धा वेळ जायचा, अर्धा यायचा. पाणी झाले १५ मीटर. शिक्षक मित्रांनी हे गणित मुलांना फळ्यावर जरूर घालावे.

आणि मासा कसा दिसतो? पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीच्या पोटातली जी पिशवी महागात विकली जाते, तीच. हवेवरून आवाज जोरात उलटतो. मुशी आणि पाकट यांना ही पिशवी नसते, म्हणून ते फिके दिसतात. जपानमध्ये १९४८ साली फुरुनो बंधूंनी असे यंत्र मच्छीमारांसाठी बाजारात आणले, तेव्हापासून ते जगभर पसरले.

आता मुद्द्याची गोष्ट. यंत्राचा पडदा म्हणजे नुसता आरसा. खरा डोळा तळाशी आहे. म्हणून पडदा बिघडला असे वाटले की लगेच दुकान गाठू नका. आधी फ्यूज पाहा. तारेच्या टोकांवर हिरवट गंज चढला आहे का, ते पाहा. इंजिन चालू करताना बॅटरीचा दाब उतरतो का, ते पाहा. होडी काठावर ओढली की ट्रान्सड्यूसरवर शेवाळ, शंखशिंपले बसले आहेत का, ते तपासा. बसले असतील तर लाकडी पट्टीने हळूच काढा, खरवडू नका. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

नवेच घ्यायचे ठरले, तर आपले पाणी किती खोल, हे पहिल्यांदा सांगा. २०० किलोहर्ट्झचा आवाज उथळ पाण्यात बारीकसारीक स्पष्ट दाखवतो. धरणाला आणि किनाऱ्याजवळच्या समुद्राला तो पुरतो. ५० किलोहर्ट्झचा आवाज खूप खोल जातो, पण चित्र ढोबळ देतो. उथळ पाण्यात राहणाऱ्याने खोल समुद्राच्या ताकदीसाठी जादा पैसे मोजू नयेत. पडदा भर उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर आणून पाहा. दुसरे म्हणजे, जुना ट्रान्सड्यूसर नव्या यंत्राला चालेलच असे नाही. पिन, किलोहर्ट्झ आणि वॅट तिन्ही जुळावी लागतात. जुळली, तर होडीला नवे भोक पाडायचे टळते.

आता बसवण्याकडे वळू. होडी भरीव फायबरची असेल, तर ट्रान्सड्यूसर आतूनच तळाला चिकटवता येतो. फक्त चिकटवताना मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन थरांत फोम असलेल्या, लाकडी किंवा लोखंडी तळातून मात्र आवाज नीट जात नाही. तेथे ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा: मागच्या फळीवर, नाहीतर तळातून आरपार. लाकडी तळाला आरपार बसवायचा तर काशाचा घ्यावा. लाकूड फुगते आणि प्लॅस्टिकचा तडकतो. लोखंडी होडीला मात्र काशाचा लावू नये, लोखंड गंजून खाल्ले जाते.

जागा अशी निवडा, की तेथे पाणी शांत वाहते. पुढे फळीची कड, खिळा किंवा पाइपाचे तोंड असेल, तर त्यामागे फेस होतो, आणि फेस म्हणजे हवा. हवेपुढे डोळा आंधळा. पंख्यापासून लांब, आणि पंख्याचे पाते ज्या बाजूला खाली जाते त्या बाजूला बसवा. तार कापू नका. जादा तार गुंडाळून ठेवा. ती इंजिनच्या तारांच्या जोडीने नेऊ नका. वीज थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज घालून घ्या. भोक पाडले असेल, तर समुद्री पाण्याला टिकणारे लुकण भरा आणि होडी पाण्यात सोडल्यावर लगेच आत पाहा, थेंब येतो का. पहिल्या रात्री ती पाण्यात एकटी सोडू नका.

मग परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून दोरीला वजन बांधा, खोली मोजा आणि पडद्याशी ताडून पाहा. इंजिन लावल्यावर पडद्यावर रेघोट्या आल्या, तर दोष तारांत आहे. एक लक्षात ठेवा: पडद्याच्या उजव्या कडेला दिसते ते आत्ताचे, डावीकडचे मागे गेलेले. होडी उभी असली, तर एकच मासा लांब रेघ होऊन दिसतो. त्याला थवा समजू नका.

उजनीत तळ ओळखणे माशाइतकेच मोलाचे आहे. १९८० साली धरण पुरे झाले, आणि भीमाकाठची जुनी गावे पाण्यात गेली. पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. बाकीच्या विहिरी, भिंती, झाडे खालीच राहतात. जाळे त्यातच अडकते आणि फाटते.

शेवटी पैशाची गोष्ट. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि ६ जण बुडाले. तळ दाखवणारे यंत्र वाऱ्याची सूचना देत नाही. तेव्हा यंत्राच्या किमतीतून पहिला वाटा माणशी एका जीवरक्षक जाकिटाचा काढा, दुसरा चांगल्या ट्रान्सड्यूसरचा, आणि उरेल त्यात पडदा घ्या. पडदा लहान असला तरी चालेल, मंडळी; घरी परतणारी माणसे मात्र पुरी हवीत.