सदाफुलीचं औषध, गल्लीतल्या कुत्रीसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ मधल्या आदेशांपासून सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून चालली आहेत: भटकी कुत्री ठेवायची कुठे? निर्बीजीकरण आणि लसीकरण करून ती जिथून उचलली तिथेच सोडा, असं २२ ऑगस्टच्या सुधारित आदेशात सांगितलं होतं. रेबीजची आणि आक्रमक कुत्री तेवढी त्यात वगळली होती. पण उचललेलं कुत्रं मुळात आजारी असेल तर? मला हा प्रश्न जास्त निकडीचा वाटतो. दिसायला भयंकर असलेला एक आजार चक्क बरा होतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

तो म्हणजे टीव्हीटी, मुख्यतः समागमातून पसरणारा कर्करोग. कुत्रीच्या मागून रक्त ठिबकतं. लोक म्हणतात, माजावर आली असेल. मग फुलकोबीसारखी लालभडक गाठ बाहेर येते, वास सुटतो आणि सोसायटीत ‘हिला एकदाचं सोडवा’ सुरू होतं. हुंगण्याचाटण्यातून गाठ नाकातही होते, तेव्हा शिंकेबरोबर रक्त येतं. यात विषाणू नसतो. कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते, आणि जगभरातल्या या पेशींचा उगम हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच प्राण्यात आहे!

यावरचं औषध व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेलं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरही हेच देतात. (पानं वाटून मात्र घालू नका, झाड विषारी आहे.) आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

कस लागतो तो सांभाळणाऱ्याचा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून डॉक्टर आधी सलाईन सोडून शीर तपासतात आणि कुत्री हिसका देणार नाही अशी कुणीतरी घट्ट धरावी लागते. प्रत्येक डोसआधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर डोस पुढे ढकलायचा. गोचीड ताप असेल तर त्याचेही उपचार करायचे. इंजेक्शननंतर काही दिवस शी-शू हातमोजे घालूनच काढायची, खात नसेल तर उकडलेलं चिकन आणि भात भरवायचा. कोर्स संपेपर्यंत तिला रस्त्यावर सोडायचं नाही.

निर्बीजीकरणासाठी कुत्रं टेबलावर येतंच. पालिकांनी तिथेच ही गाठ तपासावी आणि उपचारही करावेत. आणि तुमच्या गल्लीतल्या कुत्रीला कुणी दयामरण सुचवलं, तर आधी गाठीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा.