तांदळाची चव सांगायची कशी?

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील, म्हणून आधीच सांगते. आज बोलायचं आहे जपानच्या साकेबद्दल, म्हणजे तांदळाच्या दारूबद्दल. दारूने किती संसार धुळीला मिळवले, ते मी गटाच्या बैठकीत नेहमी ऐकते. मी साके घेतलेली नाही, तुम्ही घ्या असंही म्हणणार नाही. पण ती पारखण्याची रीत शिकण्यासारखी आहे.

का ते ऐका. मागच्या प्रदर्शनात आमच्या गटाने आंबेमोहोर ठेवला होता. एका ताईंनी विचारलं, "इंद्रायणीपेक्षा हा वेगळा कसा? कशाबरोबर छान लागतो?" आम्ही चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. "चांगला आहे हो," एवढंच म्हणालो. ताई पुढच्या स्टॉलवर गेल्या.

साकेला लागतं काय? तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. ती तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. दोन्ही कामं एकाच पिंपात, एकाच वेळी चालतात. त्याआधी तांदूळ घासून बारीक करतात. दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग ठेवला, तर त्याची 'गिंजो' करता येते. ५० टक्के किंवा कमी ठेवला, तर 'दाईगिंजो'. थंडाव्यात सावकाश आंबवली की हिला फळांसारखा वास येतो.

पारखायला पांढरा चिनी मातीचा पेला घेतात. त्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात. पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्यावर गढूळपणा कळतो. आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग छोटा घोट जिभेवर फिरवायचा. गोड की कोरडी? आंबट किती? मागे चव काय राहते? पारखणारे घोट थुंकून टाकतात आणि लगेच टिपून ठेवतात.

जेवणाशी जोडी जमवताना सोपा हिशेब: हलक्याला हलकं, भारीला भारी. सुवासिक गिंजो थंड करून, सोबत कच्च्या माशाचे काप किंवा टोफू. भाताची भरीव चव असलेली 'जुनमाई' ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट करून, सोबत भाजलेला मासा किंवा मिसो घातलेले पदार्थ. साकेत आंबटपणा कमी आणि अमिनो आम्लं भरपूर, म्हणून ती माशाशी भांडत नाही. मात्र तिच्यात साधारण १५-१६ टक्के मद्य असतं, बिअरच्या जवळपास तिप्पट. म्हणून तिथेही सोबत पाणी प्यायची पद्धत आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. साके गाळून उरलेला चोथाही तिथे वाया जात नाही. त्यात भाज्या मुरवतात, तो सूपमध्ये घालतात.

आता आमचं ऐका. पुढच्या बैठकीत आम्ही आंबेमोहोर, इंद्रायणी आणि कोलम शिजवून नावं न सांगता वाढले. बघितलं, वास घेतला, चाखलं, वहीत लिहिलं. आंबेमोहोर: आंब्याच्या मोहराचा वास, मऊ, पेजेला, लेकराच्या मऊभाताला. इंद्रायणी: चिकट, गोडसर, आमटीबरोबर. कोलम: मोकळा; मसालेभाताला. हेच आता पिशवीवर लिहितो.

पिकवायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आता बोलायलाही शिकू या. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!