ईयोबाचे अखेरचे वचन : श्रद्धा आणि बुद्धीची मर्यादा

ईश्वराचे ज्ञान अपार आहे आणि मानवाची बुद्धी परिमित आहे. म्हणून मानवाने स्वतःच्या आकलनापेक्षा ईश्वराच्या शहाणपणावर अधिक विसंबावे, हे ख्रिस्ती श्रद्धेचे एक प्रमुख सूत्र होय. परंतु असे विसंबणे म्हणजे प्रश्न विचारणेच सोडून देणे काय? जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात या प्रश्नाचा फार खोलवर विचार झालेला आहे; आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका हिब्रू क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून आहे.

ग्रंथाचे एकंदर ४२ अध्याय आहेत. आरंभ व शेवट गद्यात असून मधला संवाद पद्यात आहे. सदाचारी ईयोबाची संपत्ती, संतती व आरोग्य ही सर्व नष्ट होतात. त्याचे तिघे मित्र त्याला सांगतात की, दुःख हे पापाचे फळ असल्यामुळे त्याने आपला दोष मान्य करावा. ईयोब ते नाकारतो आणि प्रत्यक्ष ईश्वराकडेच जाब मागतो. ३८ व्या अध्यायात ईश्वर वावटळीतून बोलू लागतो; पण तो कारण सांगत नाही, उलट प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, रानातील हरिणी केव्हा वितात हे तुला ठाऊक आहे काय, अशा आशयाचे ते प्रश्न आहेत. त्यांवर ४२ व्या अध्यायाच्या सहाव्या वचनात ईयोबाचे अखेरचे उत्तर येते.

या वचनात दोन क्रियापदे आहेत. पहिल्याचा अर्थ ‘नाकारणे, तुच्छ लेखणे’ असा असून त्याला मूळात कर्मच नाही. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने व पुढे १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘स्वतःला’ हे कर्म पुरविले आणि त्यामुळे वचनाला आत्मधिक्काराचा सूर आला. दुसरे क्रियापद ‘नहम्’ या धातूपासून आले आहे. या धातूला ‘पस्तावणे, विचार बदलणे’ आणि ‘सांत्वन पावणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मन पालटते आणि मन निवतेही. पण दोन्ही अर्थ पेलणारे एक क्रियापद आपल्याजवळ नाही. त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते.

हा धातू ग्रंथात यापूर्वीही येतो. दुसऱ्या अध्यायात मित्र येतात ते ईयोबाचे सांत्वन करण्यासाठी. सोळाव्यात ईयोब त्यांना क्लेश देणारे सांत्वनकर्ते म्हणतो. दोन्ही ठिकाणी हाच धातू आहे. म्हणून मित्रांना जे साधले नाही ते ईश्वराच्या दर्शनाने साधले, असाही या वचनाचा अर्थ संभवतो. अर्थात पश्चात्तापाचा अर्थ त्यामुळे अशक्य ठरत नाही, आणि विद्वानांत याविषयी मतभेद आहेत.

तथापि पुढचेच वचन निर्णायक महत्त्वाचे आहे. ईश्वर मित्रांवर कोपतो आणि आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोबच, असा निर्वाळा देतो. ज्यांनी ईश्वराची बाजू घेऊन दुःखाची उपपत्ती सांगितली ते दोषी ठरले. ज्याने जाब मागितला तो मान्य झाला. बुद्धीची मर्यादा ओलांडली ती प्रश्नकर्त्याने नव्हे, तर सर्व काही समजल्याचा दावा करणाऱ्यांनी.

हाच क्रम नव्या करारातही दिसतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ ते ११ या अध्यायांत पौल इस्राएलाच्या भवितव्याविषयी दीर्घ युक्तिवाद करतो. आणि त्यानंतरच ईश्वरी ज्ञानाच्या अथांगतेपुढे नतमस्तक होतो. तेथे त्याने ईयोबाच्या ग्रंथाचाही प्रतिध्वनी उमटविला आहे. बुद्धी थकेपर्यंत चालते, आणि मग विश्वास पुढे होतो.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘ईश्वराची इच्छा आपल्याला कळत नाही’ हे वाक्य दुःखिताने स्वतः उच्चारले तर ती श्रद्धा होय. त्याच वाक्याने इतरांनी त्याला गप्प बसविले, तर ते ईयोबाच्या मित्रांचेच बोलणे ठरते.