जिथं हत्यार पोहोचत नाही

हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या पोलादी ठोकळ्यात तेलाच्या वाटा असतात आणि आत कुठेतरी त्या एकमेकींना छेदतात. ड्रिल एका भोकातून दुसऱ्याच्या पोटात शिरतं तेव्हा त्या छेदावर धातूचा पातळ पापुद्रा उभा राहतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. बाहेरच्या काठावरचा बर कानशीच्या दोन हातांत निघतो, आतला मात्र दिसतसुद्धा नाही. पुढे ठोकळा यंत्रात बसतो, तेलाचा दाब चढतो, पापुद्रा तुटून तेलाबरोबर निघतो आणि काही मायक्रॉनच्या फटीत सरकणाऱ्या स्पूलपाशी जाऊन अडकतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. त्याहून बारीक कणाने भलंमोठं खोदाई यंत्र जागच्या जागी थांबू शकतं.

संपादकांनी मला भोसरीला पाठवलं ते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांवर लिहायला. त्यांतल्या एकांनी बोलता बोलता हा आतल्या बरचा विषय काढला आणि आपलं काम बाजूला ठेवून मागच्या गल्लीतल्या एका शेडमध्ये नेलं. मूळ विषय तिथंच मागे पडला. शेडचं नाव छापायचं नाही, अशी मालकांची अट आहे, कारण गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं गोपनीय असतात. जॉबवर्क करणारी छोटी कंपनी. लेथ, मिलिंग असलं काही नाही. दोन वायरकट, एक स्पार्क मशीन, इलेक्ट्रोकेमिकल डिबरिंगची एक टाकी आणि कोपऱ्यात एक उभं, बुटकं यंत्र. बुधवारची संध्याकाळ होती. भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे टेम्पो दारात लागला होता आणि पेट्या भरायची घाई चालली होती.

या सगळ्या यंत्रांत एक साम्य आहे: धातूला धातू लागत नाही. वायरकटमध्ये पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार पोलादातून आकार कापत जाते, पण पोलादाला ती कधीच शिवत नाही. मधल्या फटीत पाणी असतं आणि कापते ती ठिणगी. 1943 साली मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको या दांपत्याकडे टंगस्टनचे विद्युत संपर्क ठिणगीने झिजतात ते थांबवायचं काम होतं. झीज काही थांबली नाही. पण तेलात बुडवलेल्या संपर्कांवर ती जास्त एकसारखी होते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्या झिजेलाच कामाला लावलं. इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीत ठिणगीही नसते. मिठाच्या किंवा नायट्रेटच्या द्रावणातून वीज सोडली की जॉबचा, म्हणजे घडवायच्या भागाचा, धातू विरघळत जातो, हत्यार जसंच्या तसं राहतं. कोपऱ्यातल्या यंत्राची पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेत घडली. पेनसिल्व्हेनियातल्या अर्विन गावच्या एक्स्ट्रूड होन कंपनीने ती जगभर नेली आणि तिचं एक मूळ पेटंट 1970 साली राल्फ मॅकार्टी यांच्या नावे निघालं. इतिहास एवढा पुरे. मी रमलो ते त्या यंत्रापाशी आणि ते चालवणाऱ्या मामांपाशी.

मामा मूळचे पाटण तालुक्यातले, आयटीआयचे फिटर. मालकांपासून हेल्परपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. यंत्रात वर-खाली समोरासमोर दोन सिलिंडर असतात, मध्ये फिक्सचरमध्ये आवळलेला जॉब. खालच्या सिलिंडरमध्ये जी चीज भरलेली असते तिला इथं मीडिया म्हणतात. सैलसर कणकेसारखा सिलिकॉनचा पॉलिमर आणि त्यात मळलेले सिलिकॉन कार्बाइडचे धारदार कण. खालचा दट्ट्या शंभर बारच्या आसपासच्या दाबाने हा गोळा वर ढकलतो, तो जॉबच्या भोकांतून पिळून वरच्या सिलिंडरमध्ये जातो आणि मग वरचा दट्ट्या त्याला परत खाली लोटतो. मामांनी एक गोळा माझ्या हातावर ठेवला. हळू ओढला तर तो लांबत जातो, झटका दिला तर तुटतो, जमिनीवर टाकला तर उसळतो. यंत्राचं सगळं मर्म या स्वभावात आहे. वाट रुंद असेल तिथं मीडिया आरामात सरकतो आणि धातूला जवळपास हातही लावत नाही. वाट अरुंद झाली की तो ताठरतो, कण भिंतीवर दाबले जातात आणि घासकाम तिथंच होतं. आतला बर हीच अरुंद जागा. तो आधी झिजतो, मग छेदाची कड गोल होते, मग भिंत गुळगुळीत होत जाते.

ऐकायला हे आपोआप होणारं काम वाटतं, पण तसं ते अजिबात नाही. एका ठोकळ्यात सहा भोकं असतील तर मीडिया सगळ्यांत मोठ्या भोकातून जाणार. बारकं भोक कोरडंच राहणार. म्हणून मोठ्या वाटांमध्ये दांडे बसवून त्या मुद्दाम चिंचोळ्या करायच्या आणि बारक्या वाटेला न्याय मिळवून द्यायचा. ती अक्कल फिक्सचरची, आणि इथली फिक्सचरं मामांच्या डोक्यातून निघतात. मला त्यांनी एक नायलॉनचा दांडा दाखवला. टोकाला जरासा तिरका घासलेला. तेवढ्या तिरकसपणामुळे मीडिया आडव्या भोकाकडे वळतो.

दुसरी अडचण उष्णतेची. घर्षणाने मीडिया तापतो आणि तापला की पातळ होऊन कमी कापतो. थंडीच्या दिवसांत सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा दहावा जॉब तेवढ्याच फेऱ्यांत सारखे निघत नाहीत. म्हणून मामा सकाळी एक भंगारातला ठोकळा लावून यंत्र तापवून घेतात आणि वहीत तापमान, दाब आणि दट्ट्याला एक फेरी मारायला लागलेले सेकंद लिहून ठेवतात. वाट मोकळी होत जाते तसे सेकंद कमी होतात. आत न बघता आतलं कळायचा हा मार्ग. त्यांनी वही माझ्यापुढे धरली तेव्हा मला ती कुठल्याही प्रयोगशाळेच्या नोंदवहीइतकी मोलाची वाटली. चुंबकाने घट्ट-पातळ करता येणाऱ्या द्रवाने हेच घासकाम करण्याची पद्धत आयआयटी कानपूरच्या सुनील झा आणि व्ही. के. जैन यांनी 2004 च्या सुमारास मांडली. भोसरीतल्या या शेडमध्ये अजून मामांची वहीच चालते.

शेजारच्या ठिणगीच्या यंत्राशीही या यंत्राचं नातं आहे. ठिणगीच्या जागी तापमान आठ ते बारा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातं. वितळलेला सगळा धातू धुऊन जात नाही. थोडा तिथंच गोठतो आणि कडक, ठिसूळ कातडी तयार होते. शॉपमध्ये तिला व्हाइट लेयर म्हणतात. तिच्यात बारीक भेगा असू शकतात आणि जॉबवर वारंवार ताण आला की तुटायची सुरुवात तिथून होते. साच्यात ती कधी चालून जाते, विमानाच्या इंजिनात चालत नाही. ठिणगीने पाडलेल्या भोकातून मीडिया फिरवला की ही कातडी खरवडली जाते.

आता मला लागलेली काळजी सांगतो. इथून बाहेर पडणारा जॉब आत आला होता तसाच दिसतो. माप तेच, वजनही तराजूला कळणार नाही इतकंच कमी. खरेदी खात्यातल्या माणसाला वाटतं, याचे पैसे कशाला? ड्रॉइंगवर बाहेरच्या मापांना मायक्रॉनपर्यंत मर्यादा घातलेल्या असतात आणि आतल्या छेदांसाठी ‘बर नको’ एवढी एकच ओळ. कड किती गोल हवी, भिंत किती गुळगुळीत हवी, हे कुणी लिहीत नाही. ते मोजणंही अवघड असतं, कारण खडबडीतपणा मोजणारी हिऱ्याची सुई वाकड्या वाटेत शिरत नाही; नमुन्याचा एक जॉब कापूनच बघावा लागतो. जे लिहिलेलं नाही आणि मोजलेलं नाही, त्याचा दर दरवर्षी खाली ओढला जातो. तो दरही वेळेवर मिळत नाही. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचा कायदा 2006 पासून आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून थकवलेल्या रकमेची वजावट आयकरात त्या वर्षी मिळत नाही, अशी पाचरही सरकारने मारली. तरी बिलाची तारीख गिऱ्हाइकाच्या सोयीने पुढे सरकते, असं मालक सांगत होते.

मीडियाचं एक दुखणं तर रोजचंच आहे. तो चिकट असतो. जॉबमध्ये चिमूटभर राहिला तर बरपेक्षा मोठं नुकसान करतो, म्हणून प्रत्येक वाट हवेने फुंकून, धुऊन, दिव्यासमोर धरून बघावी लागते. या तपासणीच्या टेबलावर दोन बायका दिवसभर भिंगातून पाहत असतात आणि या कामाला यंत्राइतकंच महत्त्व आहे. कण बोथट झाले, मीडियात धातू मिसळला की तो टाकून द्यावा लागतो. इलेक्ट्रोकेमिकल टाकीतल्या गाळाचंही तसंच. क्रोमियम असलेल्या पोलादावर काम केलं तर गाळात विषारी षट्संयोजी क्रोमियम येऊ शकतं. त्याची रीतसर विल्हेवाट लावायचा खर्च या छोट्या शेडला सोसावा लागतो; तो न करणाऱ्या शेडचा दर अर्थातच कमी असतो.

आणि पुढचं काम कुठून येणार? डिझेलच्या नोझलमध्ये 0.1 ते 0.2 मिलिमीटरची भोकं ठिणगीने पाडतात आणि त्यांच्या तोंडाची कड घासणाऱ्या द्रवाने गोल करतात. विजेवरच्या गाडीत नोझलच नाही. मालकांची आशा आहे ती धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगवर. भुकटी थरावर थर वितळवून बनवलेल्या भागांत हव्या तशा वळणदार वाटा काढता येतात, पण त्यांच्या भिंती खरखरीत निघतात आणि तिथं ड्रिल, कानस काहीच जात नाही. विमान उद्योगाचं काम घ्यायचं तर नॅडकॅपसारखं प्रमाणपत्र लागतं, त्याचे ऑडिट लागतात, आणि मामांची वही ऑडिटरच्या नमुन्यात बसवून देणारा माणूस लागतो. त्यासाठी डिप्लोमा झालेली एक मुलगी नुकतीच लागली आहे. ती मामांच्या नोंदी संगणकात चढवते आणि मामा तिला फिक्सचर शिकवतात. सध्या दोघं मिळून एका छापील भागाच्या चाचण्या घेत आहेत. त्याच्या वळणावर आतल्या बाजूची भिंत बाहेरच्यापेक्षा जास्त झिजते. कमी दाब आणि जास्त फेऱ्यांनी फरक घटला आहे, पण गिऱ्हाइकाला हवा तेवढा अजून घटलेला नाही.