साहसी भांडवल आणि नवे औषध

नगर जिल्ह्यातील लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखान्याचे भाग घेतले, तेव्हा तेथे धुराडे उभे नव्हते. पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. माल निघण्यापूर्वी पैसा घालावा व तो बुडण्याची शक्यताही पत्करावी, हेच भागभांडवलाचे मर्म होय. औषधांच्या क्षेत्रात, जेथे धोका कितीतरी मोठा, तेथे अशाच पैशास 'व्हेंचर कॅपिटल' अर्थात साहसी भांडवल म्हणतात.

कर्ज देणारी बँक तारण पाहते आणि ठरल्या मुदतीस व्याजासह मुद्दल मागते. नवे औषध शोधणाऱ्या मंडळीपाशी तारण कोठले? प्रथम प्राण्यांवर, नंतर माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या आणि शेवटी सरकारी परवाना, यांत दहा-बारा वर्षे सहज जातात. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी सुमारे नऊ वाटेतच गळतात. म्हणून साहसी भांडवलदार व्याज न मागता मालकीचा हिस्सा घेतो आणि आपला पैसा अनेक कंपन्यांत विभागतो. बुडालेल्यांची भरपाई एखादीच यशस्वी कंपनी करते.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखावयास शिकवून पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार पवईच्या आय.आय.टी.तील डॉ. राहुल पुरवार व टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी सिद्ध केला. त्यासाठी 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी २०१८ साली निघाली. चाचण्यांस केंद्र सरकारच्या 'बायरॅक' संस्थेचे साहाय्य लाभले. परवाना हाती नसताना, २०२१ मध्ये, हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने तिच्यात सुमारे ४६ कोटी रुपये गुंतवून चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने उपचारास परवाना मिळाला. अमेरिकेत अशा उपचारास तीन-चार कोटी रुपये पडतात. येथे तो तीस-चाळीस लाखांच्या आसपास उपलब्ध झाला.

तथापि तीस लाखही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचेच. येथेच लोणीची तुलना उपयोगी पडते. तेथे भाग घेणारा व ऊस घालणारा शेतकरी एकच होता. नफा त्याच्याच घरी परतला. औषधात पैसा घालणारा एक आणि रोगी दुसरा. एकास परतावा हवा, दुसऱ्यास स्वस्ताई. अशा प्रसंगी आरंभीचा धोका ज्या सार्वजनिक पैशाने उचलला, त्यानेच रोग्याची बाजू मांडावयास हवी. आणि ती मांडण्याची वेळ किंमत ठरल्यानंतरची नव्हे, अनुदान देतानाची होय.