वाण आणि हंगाम : कामाने खचण्यामागील शास्त्र

एकाच वाणाची ज्वारी भारी काळ्या रानात आणि मुखेडच्या हलक्या माळावर पेरली तर उतारा सारखा येत नाही. एकाच रानात दोन वाण शेजारी पेरले, तरी पाण्याचा ताण पडताच एक तग धरतो आणि दुसरा माना टाकतो. पीक हे वाण आणि हंगाम या दोहोंचे मिळून येते. माणूस कामाने का खचतो, याविषयीही शास्त्र हेच सांगते.

खचणे म्हणजे काय?

दिवसभराच्या कोळपणीचा शीण रात्रीच्या झोपेने जातो. महिनोन्‌महिने साचलेला ताण मात्र झोपेने जात नाही. या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची व्याख्या केली. त्यानुसार हा रोग नसून कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. तिची लक्षणे तीन : अंगातील बळ सरल्यासारखे वाटणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

आनुवंशिकतेचा वाटा

एकरूप जुळ्यांची जनुके सारखी असतात, तर भिन्न जुळ्यांची सरासरीने निम्मी जुळतात. या दोन गटांची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा काढता येतो. स्वीडनमधील जुळ्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात, माणसामाणसांत खचण्याबाबत जो फरक दिसतो त्यातील सुमारे एक तृतीयांश आनुवंशिक आढळला. उरलेला वाटा परिस्थितीचा होता. खचण्याचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम मिळून ताण सोसण्याची ताकद कमी-जास्त होते.

ताण आला की मूत्रपिंडावरील ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. अडचण टळली की ते उतरले पाहिजे. पण दुबार पेरणी, पडलेला भाव, बँकेचा हप्ता असे एकामागून एक आले तर शरीराला उसंत मिळत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरले. अशा हंगामात मजबूत वाणही टिकत नाही.

म्हणून एक भाऊ उभा राहिला आणि दुसरा खचला, तर त्याला आळशी म्हणू नये. ‘घराण्यातच आहे’ म्हणून सोडूनही देऊ नये. वाण बदलता येत नाही, पण हंगामाचे व्यवस्थापन आपल्या हाती असते.

काय करावे?

१) ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. दुबार पेरणीचा खर्च आणि घोर दोन्ही टळतात.
२) एकाच पिकावर विसंबू नये. सोयाबीन अधिक तूर असे आंतरपीक घ्यावे.
३) कर्जाचा हिशेब एकट्याने डोक्यात न ठेवता घरात उघड मांडावा.
४) सुगीतही झोप मोडू नये. शीण घालवण्यासाठी दारूचा आधार घेऊ नये.
५) थकवा हटत नसेल तर रक्त तपासून घ्यावे. रक्तक्षय, मधुमेह व थायरॉइडच्या विकारातही असाच शीण येतो.
६) कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत सल्ला मिळतो.

पिकाने माना टाकल्या की आपण त्याला दोष देत नाही, आधी पाणी देतो. घरातील माणसाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.